स्वखुशीची सेवा

१ ऑक्टोबर, बुधवार

ही डायरी एका पतसंस्थेने आमच्या वृद्ध निवासाला दान दिलेली, पण दोन वर्षांपूर्वीची. वार जुळत नाहीत. छापलेला वार खोडून मी खरा वार वर लिहितो. कागद मात्र चांगला आहे, शाई फुटत नाही.

आज ज्येष्ठ नागरिक दिन. आम्हा आठ सेवेकऱ्यांचा सत्कार झाला. मांडव, माईक, पुण्याचे दोन पाहुणे. शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र. एकाहत्तर वर्षांत माझं नाव माईकवरून पहिल्यांदा पुकारलं. स्टेजच्या दोन फळ्यांत फट होती, तिच्यात पाय अडकणार असंच सारखं वाटत होतं. अडकला नाही.

प्रशस्तिपत्रावर छापलंय, ‘कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेल्या निःस्वार्थ सेवेबद्दल’. शेजारी सायराबानू उभी होती. ती पाच वर्षांपासून बायकांच्या बाजूला काम बघते, पण जड माणूस उचलायचा असला की पुरुषांच्या बाजूलाही तिलाच हाक मारतात. तिने मला ते वाचायला लावलं आणि ओढणीआड हसली.

“भाऊ, अपेक्षा न ठेवता म्हंजे? आज एक तारीख हाय, मानधनाची. मी तर ठेवूनच आलीया.”

मी तिला गप्प बस म्हणालो. पुढच्याच रांगेत पाहुणे होते.

नंतर व्यवस्थापक रामनाथ सरांनी एक कागद माझ्याकडे दिला. “गेणभाऊ, तुम्ही शिकलेले. शाल मिळाल्याच्या सह्या घ्या सगळ्यांच्या.” मी सातवी. सह्यांच्या वर बारीक अक्षरांत बरंच काही होतं, पण चष्मा खोलीत राहिला होता आणि सर घड्याळ बघत होते. कुणी कुठे सही करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. दोघींनी अंगठे दिले. सायरा म्हणाली, “तुमी वाचलं ना? मग द्या.” आणि तिने सही केली.

४ ऑक्टोबर, शनिवार

काही विशेष नाही. छातीत जळजळ.

अकरा नंबरच्या कॉटची चादर बदलली. खिडकीतून येडगाव धरणाचं पाणी दिसतं. सध्या तिथे भगवंत तात्या आहेत, अर्ध अंग गेलेले. मला त्यांचं वाईट व्हावं असं अजिबात वाटत नाही, हे इथे लिहून ठेवतो. पण माझी बायको ठकूबाई गेल्यावर मी इथे आलो तेव्हा सर म्हणाले होते, “निवाशाची फी तुम्हाला परवडणार नाही. सेवा करा, इथेच राहा. हातपाय चालेनासे झाले की अकरा नंबर तुमचा.” मुलगा भरत चाकणला एका खोलीत चौघांत राहतो. तिथे माझी जागा म्हणजे गॅस सिलिंडरशेजारी. त्यामुळे अकरा नंबर झाडताना माझा हात जरा जास्त फिरतो.

सध्या कोठीत झोपतो, डायपरच्या खोक्यांना लागून. कोरडी जागा आहे, तक्रार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सायरा पडली. सकाळी पावणेदहाच्या सुमारास, तात्यांना कमोडवरून उचलताना. तात्यांचं वजन नव्वद किलो. ते घसरले तेव्हा तिने त्यांना सोडलं नाही, स्वतःच खाली गेली. तात्यांना खरचटलंसुद्धा नाही. तिला रिक्षात आडवी घालून नारायणगावला नेलं.

मी बाहेरच्या कामाला गेलो होतो. आलो तेव्हा फरशी पुसून झाली होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल सगळं लिहिलं नाही. लिहितो.

तात्यांना उचलायला दोन माणसं लागतात. स्वयंपाकघरातल्या पाळीच्या तक्त्यावर सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘तात्या आंघोळ ९:३०, सायरा + गेणभाऊ’. पण नऊ वाजता सर म्हणाले, “आधी नारायणगावला जाऊन प्रशस्तिपत्रांना फ्रेमा करून आणा. उद्या फोटोग्राफर येतोय.” मी म्हणालो, “तात्यांचं उरकून जातो.” सर म्हणाले, “सायरा बघेल. निघा.”

मी निघालो. फ्रेमवाल्याशी काच की प्लास्टिक यावर घासाघीस केली. काचेला धूळ बसत नाही, म्हणून मी काचेवर अडलो. दहा मिनिटं तरी गेली. ती दहा मिनिटं गेली नसती तरी मी वेळेत पोचलो नसतोच. पुन्हा पुन्हा हिशेब केला, नसतोच पोचलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली. निवासातला फराळ बांधून सायराच्या घरी गेलो. तिचा नवरा कमरुद्दीन पूर्वी कल्हई करायचा, आता कुकर आणि शेगड्या दुरुस्त करतो. “या भाऊ. ती उताणीच हाय, उठता येत न्हाई तिला.”

सायरा फळीवर पडली होती. पत्र्याकडे बघतच म्हणाली, “कोण, निःस्वार्थ आले का?”

मी हसलो. फराळाचा पुडा उशाशी ठेवला.

“मणक्याला चीर हाय म्हणले. तीन महिने पट्टा. आन् त्याच्यानंतर बी वजन उचलायचं न्हाई, कधीच. मग मी काय करायचं भाऊ? मला उचलण्याशिवाय येतंय काय?”

सर येऊन गेले का, विचारलं. ती म्हणाली, “मीच फोन केला. म्हणले, बाई, तुम्ही सेवेला येत होता, आता आराम करा. दवाखान्याचं बोलले तर म्हणले, निवासात तशी तरतूद न्हाई.” मग एकदम म्हणाली, “तात्यांची डावी टाच बघत जा. लाल व्हती. उशी टाचेखाली न्हाई घालायची, पोटरीखाली घालायची. कळलं?”

कळलं म्हणालो. बारावीत शिकणारी त्यांची मुलगी यास्मिन चहा घेऊन आली. सायराने ती आत जाईपर्यंत वाट पाहिली.

“त्या दिवशी मी दोन हाका मारल्या तुमाला.”

“मी नारायणगावात होतो.”

“सरांनी धाडलं व्हतं ना?”

“हो.”

“कुणी विचारलं तर एवढंच सांगाल? दुसरं काय नको.”

सांगेन म्हणालो. त्यात काय अवघड आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कळंबच्या वकील अक्षदाताई सायराची भरपाईची केस बघतायत. पोरगी भरतपेक्षाही लहान असेल. येडगावच्या फाट्यावर चहाच्या टपरीवर मला गाठलं. निवासातल्या कुणी बघेल म्हणून मी रस्त्याकडे पाठ करून बसलो.

“भाऊ, सकाळी किती वाजता कामाला लागायचं, कोण ठरवतं?”

“तक्ता असतो.”

“तक्ता कोण लिहितं?”

“सर.”

“एखाद्या दिवशी नाही आलं कुणी तर?”

“मानधनातून कापतात.”

त्या हसल्या. “देवाच्या सेवेत खाडा कापतात होय? भाऊ, मानधन म्हणा नाहीतर प्रसाद म्हणा. हुकूम त्यांचा, वेळ त्यांची, खाडा त्यांचा. ही नोकरीच झाली. आणि नोकरी असेल तर कामावर मोडलेल्या मणक्याची भरपाई द्यावी लागते.”

मग त्यांनी मोबाइलवर आमच्या सत्काराचा फोटो दाखवला. मी, सायरा, शाली, नारळ. निवासाने कामगार कार्यालयाला हाच फोटो पाठवलाय म्हणे. सोबत सह्यांचा कागदही. त्यावर वर छापलेलं त्यांनी वाचून दाखवलं, ‘आम्ही येथे स्वखुशीने, वेळ मिळेल तशी सेवा देतो. निवासाचे आम्ही कर्मचारी नाही.’ खाली आठ जण. दोन अंगठे.

“ह्या सह्या कुणी घेतल्या?” त्यांनी विचारलं.

आठवत नाही म्हणालो.

“आता फोटोसमोर फक्त तुमचा शब्द आहे. त्या दिवशी तुम्हाला पाठवलं हे सांगितलंत की हुकूम सिद्ध होतो. आणि भाऊ, तुम्हीपण कामगारच आहात. तुमचंही नाव घालू?”

नको नको म्हणालो. मला कुणी कामगार म्हणत नाही. सगळे काका म्हणतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांनी ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. चहा कपबशीत आला, एरवी आम्हाला स्टीलच्या पेल्यात असतो.

“चौकशी लागलीय,” सर म्हणाले. “नाव खराब झालं की देणगी आटते. देणगी आटली की निवास बंद. चाळीस म्हातारी माणसं कुठं जातील, सांगा. आणि तुम्ही?”

मी बशीत चहा ओतला.

“मी तुम्हाला खोटं बोला म्हणतोय का? कधीच म्हणणार नाही. फक्त मला सांगा, त्या दिवशी तुम्ही नारायणगावला गेलात ते काय मी दंडाला धरून एस्टीत बसवलं?”

“नाही सर.”

“मग कसे गेलात?”

“मीच गेलो.”

“झालं तर. तेवढंच खरं सांगायचं.”

त्यांचा मुद्दा तसा बरोबर आहे. मी स्वतःच्या पायांनी गेलो. फ्रेमसाठी मला उत्साहही होता, हे नाकारून चालणार नाही.

निघताना म्हणाले, “स्वयंपाकघरातला तो तक्ता काढा, भिंत खराब दिसते. तिथे फ्रेमा लावू.” आणि दारापर्यंत सोडायला आले. “अकरा नंबरचं मी विसरलेलो नाही, गेणभाऊ.”

भरतला फोन केला. तो म्हणाला, “आण्णा, त्या कॉटचा कागद मागा आधी. आन् बाईचं खरं सांगून टाका ना, त्यात तुमचं काय जातंय?” त्याला काय जातंय ते कळत नाही. तो सिलिंडरशेजारी झोपलेला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तक्ता काढला. बंबात घातला. फ्रेमांना आठ खिळे ठोकले. सायराची फ्रेम तिरकी बसते, दोनदा सरळ केली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कामगार कार्यालयातले साहेब आले. तरुण, मऊ बोलणारे. मला वाटलं होतं दरडावतील. दरडावले असते तर कदाचित बरं झालं असतं.

“बाबा, तुम्ही इथे नोकरी करता?”

“सेवा करतो.”

“कामाची पाळी लावतात का? तक्ता वगैरे आहे?”

मी भिंतीकडे पाहिलं. तक्ता नव्हता. नाही म्हणालो.

“बाई पडल्या त्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवं होतं, असं त्या सांगतात. तुम्हाला कुणी बाहेर पाठवलं?”

“मी स्वखुशीने गेलो.”

साहेबांनी पेन थांबवलं. “कुणीच सांगितलं नाही जायला?”

“तशी सक्ती कुणाचीच नसते इथे.”

“कुणाला घाबरताय का बाबा?”

नाही म्हणालो. सर दारातच उभे होते, त्यांचा गैरसमज व्हायला नको होता.

या वेळी चष्मा लावला आणि जबाब पहिल्या अक्षरापासून वाचला. एकही शब्द कुणी घुसडलेला नव्हता. सगळं माझ्याच तोंडचं. सही केली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जेवण गेलं नाही. पित्त असावं. आवळा सुपारी चघळली.

२ डिसेंबर, मंगळवार

भगवंत तात्या काल गेले. टाचेची जखम हाडापर्यंत गेली होती, मग ताप चढला. मी टाच बघत होतो. पहिल्या आठवड्यात रोज बघितली. मग चौकशीच्या गडबडीत राहून गेलं. त्यानंतर बघितली तेव्हा काळी पडलेली होती. उशी मी पोटरीखालीच घालायचो, पण ते पाय सरकवायचे.

त्यांचा मुलगा बंगळूरहून आला. त्याने माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, “काका, तुम्ही फार केलंत.”

७ डिसेंबर, रविवार

अकरा नंबर मला मिळाला. सरांनी शब्द पाळला. आज गादी उन्हात टाकली, फिनेल मारलं, माझी पेटी कॉटखाली सरकवली. पाणी दिसतं. सकाळी त्यावर बगळे असतात.

सरांनी एक फॉर्म भरून घेतला. आता मी निवासी. निवाशाला मानधन नसतं, म्हणून ते या महिन्यापासून बंद. ते बरोबरच आहे, इतरांनाही कुठे मिळतं. आंघोळी घालणं, दाढ्या, भरवणं हे मी करतोच. “हात चालतायत तोवर स्वखुशीने जमेल तेवढं करा,” सर म्हणाले. आज सहा आंघोळी झाल्या. कमरेत कळ येते.

भरतला सांगितलं. त्याने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजे काम तेच, आन् पैसे बंद?”

“अरे पण कॉट!” मी म्हणालो.

२३ डिसेंबर, मंगळवार

अक्षदाताईंचा फोन आला. निवास आणि सायराबानू यांच्यात मालक-कामगार असं नातं दिसत नाही, असा अहवाल आला. साक्षीदाराच्या जबाबाचा त्यात उल्लेख आहे. साक्षीदार म्हणजे मी.

मला वाटलं होतं, त्या चिडतील. म्हणाल्या, “वर दाद मागता येते. पण भाऊ, कुणीतरी खरं बोलायला लागेल.” मग विचारलं, “तब्येत कशी आहे तुमची?”

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो आणि माझी फ्रेम खाली काढली. आचारी म्हणाला, “काका, कशाला काढली?” धूळ पुसायची होती म्हणालो. काचेवर धूळ नव्हती. पुन्हा लावली.

५ जानेवारी, सोमवार

नवीन वर्षाची डायरी कुणी दिली नाही. याच डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो.

आज सायराची यास्मिन कामावर आली. सरांनी स्वतः तिच्या घरी जाऊन विचारलं म्हणे. आईची जागा मुलीला. सगळे म्हणाले, सरांचं मन मोठं. मीही म्हणालो. कॉलेज तिने सध्या सोडलंय, परीक्षा पुढच्या वर्षी देईन म्हणते. गळ्यात ओळखपत्र घातलंय, ‘सेवेकरी’. आईसारखीच भरभर चालते.

माझ्या कॉटशी आली. “बाबा, चादर बदलायची, जरा उठता का?”

मी उठलो. तिने कोपरे घट्ट दुमडून आत खोचले. मला तिच्याकडे बघवेना. ओळखलं नसेल असं वाटलं. जाताना म्हणाली, “अम्मीनं सलाम सांगितलाय.”

११ जानेवारी, रविवार

आज दुपारी मी अर्ज लिहिला. चार कागद वाया गेले, पाचवा जमला. ‘दिनांक ९ ऑक्टोबर रोजी मला व्यवस्थापकांनी हुकूम देऊन बाहेर पाठवले. तात्यांना उचलण्याची पाळी माझी व सायराबानूची होती. पाळीचा तक्ता मी स्वतः काढून जाळला. सह्या मी कागद न वाचता घेतल्या. आधीचा जबाब मी भीतीपोटी दिला.’ कशाची भीती, तेही लिहिलं. खाली सही केली.

कॉट जाईल. जाऊ दे. हे लिहिताना ‘जाऊ दे’ सोपं वाटतं. मघाशी पेटी ओढून पाहिली, जड आहे. चाकणला दोन एस्टी बदलून न्यावी लागेल. भरतला अजून कळवलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

यास्मिन एकटी आहे असं बघून अर्ज तिच्या हातात दिला. “अम्मीला दे. वकीलबाईंना द्यायला सांग.”

ती तिथेच उभी राहून वाचू लागली. तिला माझ्यासारखं बोट ठेवून वाचावं लागत नाही. पूर्ण वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. ती रडेल किंवा काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

“अम्मीनं केस मागं घेतली, बाबा,” ती म्हणाली. “वर दाद मागणार न्हाई म्हणून शनिवारी सही करून दिली. तसंच ठरलं व्हतं सरांशी, मला घेतलं तवा.”

“पण हे आता खरं आहे,” मी म्हणालो. “मी साहेबांसमोर सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन.”

“सांगा की. मग उद्यापासून मी कुठं जाऊ?” तिचा आवाज चढला नव्हता. “अब्बांच्या शेगड्यांवर घर चालत न्हाई. अम्मीचा पट्टा बदलायचाय. हे तवा सांगायचं व्हतं, बाबा. आता सांगितलं तर ते माझ्यावरच पडतंय.”

मी म्हणालो, “मग मी काय करू?”

ती अठरा वर्षांची आहे. तिला मी हे विचारायला नको होतं.

तिने कागद फाडला नाही. घडीवर घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून खिसा नीट केला, जसा आम्ही निवाशांचा करतो. मग बेल वाजली म्हणून पलीकडच्या खोलीत गेली. तिथल्या बाई चांगल्याच जाड आहेत. मी इकडून विचारलं, “येऊ का गं?”

आतून आवाज आला, “नको. झालं.”